रेगेकाकांचा फोडणीचा गॉगल

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे रेगेकाका मोहरीची फोडणी गॉगल लावून देतात. उन्हाचा नव्हे, कारखान्यात वापरतात तो, दोन्ही बाजूंनी बंद असलेला. नारळ फोडतानाही तोच. कधीकधी काढायचा विसरून तसेच खाली येतात. बुकित पंजांगच्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये ते असे भेटले, की माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत हळूच म्हणते, "बाबा, अंकल गोइंग स्विमिंग लाह."

सेम्बावांगच्या एका शिपयार्डात काकांनी सेफ्टी ऑफिसर म्हणून उभी हयात काढली. कामगारांच्या डोळ्यांत उडणारा लोखंडाचा कीस हा त्यांचा जन्माचा वैरी. काका निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या, पण वैर काही संपलं नाही. कुणाचं बोट पापणीकडे वळलं, की काका म्हणणारच, "चोळू नका. डोळ्याला स्पेअर पार्ट नाही." आणि फुंकर म्हणजे त्यांच्या मते नुसता थुंकीचा फवारा.

मी एका बँकेत रिस्क मॅनेजर आहे. धोका आधी ओळखण्याचा मला पगार मिळतो. असा मी, गुढीपाडव्याच्या सकाळी, तोरणासाठी दाराच्या वरच्या भिंतीत भोक पाडायला ड्रिल घेऊन स्टुलावर चढलो. घामानं चष्मा घसरत होता, म्हणून तो काढून खिशात ठेवला आणि भोक नीट पडतंय ना, ते बघायला तोंड वर केलं.

खाली उतरलो तो डोळा चोळतच. आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, साजूक तूप घाल. माझ्या बायकोनं, मीनलनं, नव्या साडीच्या पदराची घडी करून तिच्यावर गरम फुंकर मारली आणि डोळ्यावर धरली. बरं वाटलं, पण टोचणी तशीच. मग तिनं रुमालाचं टोक पिळून त्याची वात केली आणि माझी पापणी उचलली. तेवढ्यात जेवायला बोलावलेले काका दारात येऊन उभे राहिले.

"मीनल, हात खाली. आणि साहेब, चोळू नका."

काकांनी माझं डोकं सिंकवर वाकवून डोळ्यात इतकं पाणी सोडलं, की माझं अभ्यंगस्नान दुसऱ्यांदा झालं. तरी टोचायचं थांबेना. पापणीखाली अडकलंय, आता आपण हात लावायचा नाही, असं म्हणून त्यांनी मठ्ठ्यासाठी आणलेला कागदी कप माझ्या डोळ्यावर उपडा घातला आणि चिकटपट्टीनं बसवून टाकला. टॅक्सी मिळेना. रेशमी कुर्ता, कपाळाला गंध आणि डोळ्यावर कप, अशा थाटात मी काकांबरोबर एलआरटीच्या गाडीत शिरलो. एक म्हातारी चिनी बाई उठली आणि तिनं मला आपली जागा दिली.

डॉक्टरीणबाईंनी वरची पापणी उलटी करून कापसाच्या काडीनं भिंतीचा कण टिपला. मला वाटलं होतं निदान अर्धी वीट निघेल. निघाला तो मोहरीपेक्षाही लहान. बुबुळावर किंचित ओरखडा होता, त्यावर थेंब दिले. आणखी चोळलं असतं किंवा कोरून काढायला गेला असता तर महागात पडलं असतं, असं त्यांनी बजावलं. काकांनी शेजारी बसून चक्क एकही टोमणा मारला नाही.

घरी येऊन जेवायला बसलो. मीनलच्या मनातून ते जात नव्हतं. माझ्या फुंकरीनं यांचं काही वाईट तर झालं नाही ना, असं तिनं काकांना विचारलं.

काकांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली. म्हणाले, ते शिपयार्डातून आले की काकू रोज त्यांना खुर्चीत बसवायच्या आणि पदराची घडी फुंकून त्यांच्या डोळ्यांवर धरायच्या. काका रोज सांगायचे, याचा काही उपयोग नाही. काकू बरं म्हणायच्या आणि धरायच्याच.

"आता गॉगल काढला, की डोळ्यांकडे बघणारं घरात कुणी नाही," काका म्हणाले. मग वाटी जरा बाजूला सारली. "मीनल, माझ्या डोळ्यात काही गेलेलं नाही हं. पण तो पदर जरा धरशील?"

मीनल उठली. तिनं पदराची घडी केली, फुंकली आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर धरली. काका हात मांडीवर ठेवून लहान मुलासारखे बसून राहिले. मला फार वाईट वाटलं. माझा दुसरा, धडधाकट डोळाही भरून आला.

तो मात्र मी चोळला नाही.