सव्वीसची ट्यूब

रविवारच्या राइडला निघण्याआधी दामले काका केळ्याचं वजन करतात. सालासकट एकदा आणि सोलून एकदा. "चढावर साल कशाला वाहायची?" म्हणत सोललेलं केळं डब्यात घालतात. साल परवडली, हा डबाच जड असेल, असं मी एकदा सांगायला गेले, तर म्हणाले, "मोजलंय का? मग बोलू नका."

हे त्यांचं पालुपद. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासून पास-रिजेक्टचे शिक्के मारले, रिटायर होऊन बदलापुरात आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, पण शिक्का काही हातातून सुटला नाही. आम्ही सात-आठ जण दर रविवारी माउंटन बाइक घेऊन बारवीच्या रस्त्याला जातो. निघताना गेटपाशी काका प्रत्येकाचा टायर अंगठ्याने दाबतात, ब्रेक आवळून बघतात आणि "पास" म्हणतात. "रिजेक्ट" म्हणाले तर दुरुस्त केल्याशिवाय सुटका नाही. रिजेक्ट व्हायचा मान बहुतेक माझाच.

टपरीवर चहाला थांबलो की आमच्यात दुसरा विषय नसतो. कोणी नवे गिअर दाखवतो, कोणी ट्यूबलेस टायरची बढाई मारतो. काका फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, बोलायला लागले की कपातल्या चहावर साय धरते. पण त्यांच्या दोन गोष्टी मला कधी कळल्या नाहीत. एक, पाय आमच्यापेक्षा तगडे असून हा माणूस सगळ्यांच्या मागे चालवतो. दुसरी, चाळीस ग्रॅम वाचवायला सीटचा बोल्ट बदलणारे काका बॅगेत सव्वीस इंची ट्यूब घेऊन फिरायचे. त्यांची सायकल एकोणतीसची. आमच्यात सव्वीसची कोणाचीच नाही! रबर सुकतं म्हणून ती ट्यूब दर वर्षी नवी घ्यायचे. एकदा उल्हासनगरला मी बरोबर होते, तर सिंधी दुकानदारही चक्रावला. "अरे साईं, आपका तो उनतीस है ना? ये छब्बीस किसके लिए?"

"आप दे दो," एवढंच काका म्हणाले.

एका रविवारी टपरीवर माझी जीभ वळवळली. ट्यूब त्यांच्या बॅगेतून काढून मी सगळ्यांसमोर नाचवली. "काका, हिचं वजन मोजलंय का?" सगळे खो खो हसले. काकांनी ट्यूब घेतली, घडी घालून बॅगेत ठेवली आणि चहा अर्धा टाकून सायकलवर बसले. मला कसंतरीच झालं.

संध्याकाळी माफी मागायला त्यांच्याकडे गेले. दार काकूंनी उघडलं, काका भाजी आणायला बाहेर पडले होते. बाल्कनीत भिंतीला एक जांभळी माउंटन बाइक टांगलेली होती. चेन चकचकीत, धुळीचा कण नाही.

"माझी आहे," काकू म्हणाल्या. "सव्वीसची. दर शनिवारी हवा भरतात, तेल घालतात."

"तुम्ही चालवता?"

"चालवत होते. चार वर्षांपूर्वी बारवीहून येताना पंक्चर झाली. हे पुढे. मी मागे नाही हे कळायला यांना अर्धा तास लागला. आले परत, पण ट्यूब होत्या दोन आणि दोन्ही एकोणतीसच्या. स्वतःच्या सायकलीच्या! उन्हात बदलापूर गावापर्यंत ढकलत आले मी. तेही ढकलत आले, नाही म्हणत नाही. पण वाटभर मला काय सांगत होते माहित्ये? नवा फोर्क जुन्यापेक्षा किती हलका आहे ते!"

मी हसले. काकूही हसल्या. "घरी येऊन म्हटलं, मी यापुढे येणार नाही. हे 'बरं' म्हणाले. रागात बोलले गं मी. परत विचारलंय कुठे त्यांनी?"

जिन्यात काका भेटले, हातात मेथीची जुडी. मी सरळ म्हटलं, "काकूंना बोलवत का नाही तुम्ही?"

जुडी या हातातून त्या हातात गेली. "कोणत्या तोंडाने बोलवू? ती नाहीच म्हणेल. आपण आपली तयारी ठेवायची, बस."

"विचारलंय का?" माझा आवाज चढलाच. "मग बोलू नका!"

पुढच्या रविवारी सहा वाजले तरी काका गेटवर नाहीत. सव्वासहा झाले. मी मनात स्वतःला शिव्या घालत होते. नको तिथे नाक खुपसायची सवय जात नाही माझी. तेवढ्यात लिफ्ट उघडली. आधी जांभळं हँडल, मग हेल्मेट घातलेल्या काकू आणि त्यांच्या मागे काका. हुश्श! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बारवीच्या रस्त्यावर मूळगावच्या पुढे काकूंचं मागचं चाक फुस्स झालं. बॅगेतली ट्यूब दर वर्षी नवी, पण चाकातली तीच, चार वर्षांपूर्वी पॅच मारलेली. ती बदलायचं या तपासनीसाला सुचलंच नव्हतं! काकू खाली उतरल्या. आम्ही सगळे थांबलो. आता या ढकलत परत निघाल्या तर?

पण यावेळी काका मागेच होते. त्यांनी सव्वीसची ट्यूब काढली. एरवी गप्पा मारता मारता ट्यूब बदलणाऱ्या माणसाच्या हातून व्हॉल्व्हचं टोपण दोनदा गवतात पडलं. फोर्कचा तर उल्लेखच नाही. हवा भरून झाली, सवयीने त्यांचा अंगठा टायरकडे गेला आणि मध्येच थांबला. ते काकूंकडे बघत राहिले.

काकूंनी वाकून टायर दाबला. एकदा, मग पुन्हा एकदा.

"पास," त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या. "चला. आणि अहो, त्या फोर्कचं काय सांगत होतात तेव्हा? अर्धंच राहिलं होतं."