साडेचारशे खण आणि माझी शिस्त

छोटा छापखाना कसा चालवावा, असं हल्ली लोक मला विचारतात. (लोक म्हणजे दोघे. त्यातला एक माझा साडू आहे आणि तो फक्त विषय बदलण्यासाठी विचारतो.) मीही हातचं काही राखून न ठेवता सांगतो. मशीनचे रूळ कधी टेकवून ठेवू नका, टांगून ठेवा, नाहीतर ते एका बाजूने चपटे होतात. शाई डब्यातून काढायची ती सुरीच्या टोकावर मावेल एवढीच. कमी पडली तर घालता येते, जास्त झाली तर कागद, शर्ट आणि संसार तिन्हींना पुरून उरते. प्रूफ वाचायला असं माणूस ठेवा, ज्याला तुमच्या चुका शोधण्यात मनापासून आनंद होतो. (मला ते घरातच मिळालं. लग्नाला एकवीस वर्षं झाली.) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, खिळ्यांच्या पेट्या आवरायला जाऊ नका.

हे शेवटचं मी कसं शिकलो, ते आता सांगून टाकतो.

मी मुळात विमा कचेरीतला रेकॉर्ड कारकून. पंधरा वर्षं फायली लावल्या आणि एके दिवशी आपण स्वतःचा धंदा करावा असं डोक्यात घेतलं. एक म्हातारे मालक आपला छापखाना विकत होते. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, भरलेल्या चार पेट्या, दगडी टेबल, शाईचे नऊ डबे आणि मास्तर, असं सगळं मिळून ते आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आलं. मास्तर म्हणजे जुळारी. खिळा खिळा उचलून पट्टीत मजकूर जुळवणारा माणूस. मालक म्हणाले होते, मशीन बिघडलं तर दुसरं मिळेल, मास्तरांना जपा. मला वाटलं, विकणारा माणूस काहीही बोलतो.

मास्तरांची एक सवय मला पहिल्यापासून खटकायची. मजकुराचा कागद ते स्वतः समोर ठेवत नसत. आमची ही भाजी निवडत दाराशी बसायची आणि त्यांना मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची. ती वाचायची, त्यांचे हात पेट्यांवरून फिरायचे, मधूनमधून दोघे हसायचे. मला हा सरळसरळ वेळेचा अपव्यय वाटे. पण हे बोलून दाखवलं तर दुपारी चहा मिळणार नाही, हेही मला कळत होतं, म्हणून मी मूग गिळून बसलो होतो.

मग एका शुक्रवारी मास्तर बाहेर गेले असताना एका डॉक्टरांचं चार ओळींचं कार्ड आलं. म्हटलं, चार ओळी तर आहेत, आपण जुळवू. सकाळी नऊला सुरुवात केली आणि जेवायच्या वेळेपर्यंत डॉक्टरांच्या आडनावाच्या मध्यावर पोचलो. कारण त्या पेट्यांत कशाचाच कशाला पत्ता नव्हता. चार पेट्यांत मिळून साडेचारशे खण. 'क'च्या शेजारी 'ख' असावा ही माणसाची साधी अपेक्षा, तर तिथे काना. 'ग' वरच्या पेटीत डावीकडे आणि 'घ' पार खालच्या पेटीच्या कोपऱ्यात. माझ्यातला रेकॉर्ड कारकून खडबडून जागा झाला. पंधरा वर्षांत मी एकाही फायलीची जागा चुकू दिली नव्हती, आणि माझ्याच घरात ही बेबंदशाही.

शनिवारी ही दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली. मास्तरांचीही रविवारी सुट्टी. मी बाह्या सरसावल्या.

खण रिकामे करायला काहीतरी हवं होतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या वाट्या आणल्या. त्या संपल्यावर कप, मग बशा, मग डब्यांची झाकणं, शेवटी रद्दीच्या पुड्या. रविवारी मी चहा तांब्यातून प्यायलो. पण संध्याकाळपर्यंत सगळे खिळे अ, आ, इ, ई अशा शिस्तीत बसले होते. जोडाक्षरांचं काय करावं ते सुचेना, तेव्हा ती सगळी मी शेवटच्या पेटीत टाकली, कचेरीत किरकोळ पत्रव्यवहार टाकत असू तशी. वर प्रत्येक खणाला चिठ्ठी चिकटवली. ठसठशीत अक्षर, काळी शाई. तीन वेळा दारापर्यंत जाऊन मी मागे वळून बघितलं आणि तिन्ही वेळा मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

सोमवारी मास्तर आले. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, कारण मला त्यांचा चेहरा बघायचा होता. काम शाळेचं होतं. वाचनालयाच्या उद्घाटनाची तीनशे निमंत्रणं, मंगळवारी दुपारी बाराला पोचवायची. शाळा हे आमचं एकमेव बारमाही गिऱ्हाईक. प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तकं, पावत्या, सगळं तिथून येई. मुख्याध्यापिका वेळेच्या बाबतीत फार कडक होत्या आणि चौकात नवा ऑफसेटवाला त्यांची वाटच बघत होता.

मास्तर म्हणाले, "वहिनी नाहीत का? मग त्या येईपर्यंत थांबू." मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, मी वाचतो. मी खुर्चीवर बसून मजकूर वाचला, त्यांचे हात नेहमीच्या वेगाने फिरले, आणि त्यांनी चिठ्ठ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. मला वाटलं, माणूस मत्सराने गप्प आहे.

मी प्रूफ काढलं. त्यात एकही शब्द नव्हता. नुसती अक्षरं होती, कुणी मूठभर उचलून फेकावीत तशी. मी ते उलटं करून बघितलं, उजेडात धरून बघितलं. नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, चष्मा लावला, तळापर्यंत वाचला आणि शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

"प्रूफ आहे," मी म्हणालो.

"कशाचं?"

उद्या बारापर्यंत निमंत्रणं आली नाहीत तर पुढची सगळी कामं चौकात जातील, एवढं सांगून त्या गेल्या. माझी पाचावर धारण बसली. पण घाबरलेला माणूस आधी दुसऱ्यावर ओरडतो, तसा मी मास्तरांकडे वळलो. नवी पद्धत पटली नसेल तर तोंडाने सांगावं, मुद्दाम काम बिघडवायची काय गरज, असं बरंच काही मी बोललो.

मास्तरांनी एक खिळा उचलून अंगठ्याने चाचपला. मग दुसरा.

"साहेब, हे खण कुणी हलवले?"

"मी. वर्णक्रमाने लावलेत. आणि प्रत्येकावर चिठ्ठी आहे, वाचायचे कष्ट घ्या ना जरा."

ते पेटीवर वाकले. नाक जवळजवळ लाकडाला टेकलं. मी त्या टपोऱ्या, काळ्या, सुपारीएवढ्या अक्षरांकडे बघत होतो आणि तेही तिकडेच बघत होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "चिठ्ठ्या कुठे लावल्यात?"

मास्तरांनी हातातली पट्टी दगडी टेबलावर ठेवली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. मला तेव्हा कुठे उजेड पडला. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती बोटाला लागली की खिळा सुलटा आहे हे जुळाऱ्याला न बघता कळतं. मजकूर ही वाचून दाखवत होती. प्रूफ ही तपासत होती. आणि साडेचारशे खण त्यांच्या हाताला पाठ होते. त्यांच्याजवळ तेवढंच उरलं होतं आणि ते मी एका रविवारात, तांब्यातून चहा पीत, पुसून टाकलं होतं.

ही दुपारी एकला आली. पिशवी खाली ठेवली, चिठ्ठ्या पाहिल्या, स्टुलावरच्या मास्तरांना पाहिलं, मग मला पाहिलं. मी कबुलीजबाबाची तयारी केली होती, पण तिने फक्त विचारलं, "कशात काढले होते?" मी म्हटलं, वाट्यांत. "आणा पुन्हा," ती म्हणाली. "आणि त्यांत आता आमटी वाढायची नाही, शिसं आहे ते." (धंद्याचा आणखी एक सल्ला, घरच्या वाट्यांना हात लावू नका. बारा वाट्या आणि सहा कप तेव्हापासून छापखान्याच्या नोकरीत आहेत.)

आम्ही पुन्हा सगळे खिळे वाट्यांत आणि पुड्यांत काढले. मग हिने मास्तरांना हाताला धरून रिकाम्या पेट्यांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "काका, मी वाचते. तुम्ही नेहमीसारखा हात न्या."

तिने आधी वाचनालयाचा मजकूर घेतला, तो संपल्यावर जुन्या प्रश्नपत्रिका. ती एकेक शब्द म्हणायची, मास्तर डोळे मिटायचे आणि हात आपला आपण एका खणावर जाऊन थांबायचा. तिथे मी त्या अक्षराची वाटी किंवा पुडी ओतायची. पहिल्यांदा हात दोनदा अडखळला. मग एकदा ओळ लागली, तसा तो हात असा चालू लागला की वाट्या शोधता शोधता माझी त्रेधा उडाली. चाळीस वर्षं त्या हाताने मुकाट्याने केलेलं काम मी पहिल्यांदा नीट बघत होतो. या दोघांनी मिळून माझा छापखाना चालवला होता आणि मी दारावरच्या पाटीवर माझं नाव मोठ्या टायपात लावून बसलो होतो.

संध्याकाळी साडेसहाला शेवटचा खण भरला. मंगळवारी सकाळी मास्तरांनी तासाभरात निमंत्रण जुळवलं, हिने प्रूफ वाचलं, मी ट्रेडल मारलं. पावणेबाराला तीनशे निमंत्रणं शाळेत पोचली. मुख्याध्यापिकांनी एक कार्ड बारकाईने वाचलं आणि परीक्षेचे पेपर कधी पाठवू, असं विचारलं. मी जवळजवळ धावत घरी आलो.

मास्तर रॉकेलच्या चिंधीने हात पुसत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. मनात जे साठलं होतं ते बोलायलाच हवं होतं.

"मास्तर, माझं चुकलं," मी म्हणालो. "आणि डोळ्यांची काळजी करू नका. ही जागा तुमची आहे. मी आहे तोवर तुम्हाला जा म्हणायची कुणाची टाप नाही. मी सांभाळीन तुम्हाला."

मी बाहीने डोळे टिपले. मला वाटलं, आता मास्तरही डोळे पुसतील. त्यांनी हिच्या दिशेला तोंड वळवलं.

"वहिनी, सांगू का आता?"

"सांगा," ही म्हणाली. "आज ऐकून घेतील."

मग कळलं ते असं. तीन वर्षांपूर्वी, छापखाना आमच्याकडे नवा असताना, डोळे अधू व्हायला लागले तेव्हाच मास्तर हिचा निरोप घ्यायला आले होते. मुलगा आणि सून बोलावत होते. त्यांच्यासाठी अंगणाकडेची खोली तयार होती, खिडकीशी आरामखुर्ची होती, खेळायला नातवंडं होती.

"वहिनी म्हणाल्या, काका, तुम्ही गेलात तर यांना कोण सांभाळणार?" मास्तर सांगत होते. "मलाही ते पटलं. म्हटलं, वर्षभर थांबू. तेवढ्यात साहेब शिकतील, मग मोकळे होऊ."

"मग यंदा?" मी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"यंदा जायचं ठरलंच होतं. मुलाने तिकिटाचंही विचारलं होतं." मास्तरांनी पेट्यांवरून सावकाश हात फिरवला, सगळं जागच्या जागी आहे ना ते पाहिलं. "पण काल संध्याकाळी वहिनींकडून पत्र लिहून घेतलं त्याला. अजून पाच वर्षं तरी निघता येत नाही म्हणून."

मी हात जोडून त्यांचे मनापासून आभार मानले. ते पत्र सकाळी शाळेत जाताना, आत काय आहे ते न विचारता, मीच पोस्टात टाकलं होतं, वर जास्तीचं तिकीट लावून, लवकर पोचावं म्हणून.