बाईंचा पुनर्वापर

संस्थेचं रॉकेट वर गेलं, आपलं काम आटोपून परत आलं आणि ठरल्या जागी सरळ उभं राहिलं. त्याच्या टोकावरच्या यानातून गेलेल्या वैमानिक बाईही काही दिवसांनी सुखरूप उतरल्या. रॉकेटला तपासणीसाठी शेडमध्ये नेण्यात आलं, बाईंना सत्कारासाठी सभागृहात. रॉकेट यथावकाश शेडमधून बाहेर पडलं. बाई सभागृहातून बाहेर पडल्याच नाहीत.

"पुनर्वापर हे संस्थेचं अधिकृत धोरण आहे," संचालक म्हणाले, "आणि ते फक्त धातूलाच लागू आहे, असं कुठेही म्हटलेलं नाही." मग सत्कार समन्वय कक्ष स्थापन झाला. कक्षाच्या आदेशानुसार बाईंनी एक तरणतलाव, एक गाद्यांचं दुकान आणि सांडपाणी प्रकल्पाचा दुसरा टप्पा यांचं उद्घाटन केलं. वरून पृथ्वी कशी दिसते, असं प्रत्येक ठिकाणी विचारलं जाई. सुंदर दिसते, असं बाई सांगत.

खरं म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नव्हती. वर असताना रोज कुणी ना कुणी मान्यवर त्यांच्याशी थेट संवाद साधत होते, आणि चित्रात मागे खिडकी यावी म्हणून बाईंना खिडकीकडे पाठ करून बसवलं होतं. एकदा त्यांनी मान वळवली, तेव्हा खालून सूचना आली की साहेब बोलत आहेत. ते त्यांच्या मनातून जात नव्हतं.

दुसऱ्या उड्डाणाची घोषणा झाली तशा त्या संचालकांकडे गेल्या.

"सर, मला परत जायचंय. एकदा नीट बघायचंय."

"तुमची तळमळ मी समजू शकतो, बाई. पण प्रशिक्षणाला तुमची हजेरी फार कमी आहे."

"कशी असणार? तुम्हीच मला उद्घाटनांना पाठवता."

"त्याबद्दल संस्था तुमची ऋणी आहे," संचालक म्हणाले. "पण हजेरी कमी ती कमीच."

बाईंनी पुढच्या कार्यक्रमाला नकार कळवला आणि सरावाला गेल्या. तो कार्यक्रम एका दातांच्या दवाखान्याचा होता. संध्याकाळपर्यंत बातमी झाली. जिथे मुळी हवाच नाही तिथून आलेल्या बाईंच्या डोक्यात हवा गेली, यावर सर्वांचं एकमत झालं.

घरी सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. "त्या डॉक्टरांना कशाला दुखावलंस गं? माझी कवळी त्यांच्याकडेच टाकलीये."

"आई, मला वर जायचंय."

"मग जा की. पण जाता जाता फीत कापायला काय झालं होतं?"

बाईंनी फीत कापली. सासूबाईंना कवळी मिळाली. बाईंची हजेरी मात्र आणखी घटली, आणि उड्डाण तोंडावर आलं असताना पाठवण्याजोगा माणूसच नाही, असं संस्थेच्या लक्षात आलं. तारीख मंत्र्यांच्या सोयीची असल्यामुळे ती हलवणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य होतं. तेव्हा आसनाच्या पट्ट्यांच्या चाचणीसाठी वापरतात तो रबरी पुतळा बसवावा, असं समितीने ठरवलं.

"पण मोहीम मानवी आहे," एका सदस्याने शंका काढली.

"पुतळा कुणासारखा दिसतो?" संचालकांनी विचारलं.

"माणसासारखा."

"मग झालं तर."

सदस्य खाली बसले. पुतळा वर गेला. त्याच्याशी कुणाला संवाद साधायचा नसल्यामुळे त्याचं तोंड खिडकीकडे करण्यात आलं होतं.

तो परतल्यावर रीतसर सत्कार झाला आणि आयोजक भारावून गेले. पुतळा सगळी भाषणं संपेपर्यंत बसला. त्याने घड्याळ पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही, परत जायची भाषा तर काढलीच नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच, असं एका वक्त्याने सद्गदित होऊन सांगितलं. सगळी निमंत्रणं पुतळ्याला येऊ लागली.

बाई मनातून आनंदल्या. त्यांनी सरावाचा एकही दिवस चुकवला नाही. पहिल्या उड्डाणानंतर दुखू लागलेली हाडं अजून दुखत होती, पण त्याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या उड्डाणाआधी त्या पुन्हा संचालकांसमोर उभ्या राहिल्या.

"सर, हजेरी पूर्ण आहे."

"उत्तम. पण या वेळी अनुभवी प्रवासीच पाठवायचा, असा निर्णय झालाय."

"मी अनुभवीच आहे की."

"तुमचा अनुभव जुना झाला, बाई. त्याचा ताजा आहे. शिवाय लोकांना तो आवडतो." संचालकांनी चष्मा पुसला. "दोन उड्डाणांच्या मधे त्याला कार्यक्रमांना न्यायला-आणायला कुणीतरी जाणकार हवं. तुम्हाला बढती देतोय."

दुसऱ्या दिवसापासून बाई पुतळ्याचा पोशाख इस्त्री करू लागल्या.

पुतळा तुमच्याही शहरात येऊन गेला. तुम्ही सहकुटुंब रांगेत उभे राहिलात, नंबर आल्यावर पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकलात, आणि बाजूला उभ्या असलेल्या बाईंच्या हातात फोन देऊन म्हणालात, "मॅडम, जरा आमचा एक काढता का?" थोडं डावीकडे सरका, चेहऱ्यावर सावली येतेय, असं त्या म्हणाल्या. तुम्ही सरकलात. फोटो छान आला. त्याच रात्री तुम्ही तो सगळ्यांना पाठवलात, खाली लिहून: अंतराळवीरासोबत मी.