अडतीस सेकंद आधीची बादली

"आज जिंका, नाहीतर सोमवारी किल्ल्या जमा करा," कॉलेजच्या अध्यक्षा लेनोर प्रुइट यांनी सकाळीच बजावलं होतं. "आणि तुमचा खेळ किती भित्रा हो! बघताना झोप येते."

नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या कॉलेजात व्हर्लिन हॅगस्ट्रॉम अकरा वर्षं अमेरिकन फुटबॉलचे, चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचे, कोच होते. म्हणजे डाव आखायचे, मैदानावर रेघा मारायच्या आणि पोरांच्या जर्सीही धुवायच्या. या हंगामात नऊ सामने झाले, नऊही हरले. आज शेवटच्या सामन्यात मात्र चक्क तीन गुणांनी पुढे! उरले अडतीस सेकंद, चेंडू आपल्याकडे. चेंडू फेकणाऱ्या कोडीनं तो कवटाळून गुडघा टेकला की घड्याळ पळत राहणार आणि सामना खिशात. तशी खूण करायला कोचनी हात पुढे केले.

जिंकल्यावर कोचला बर्फाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचा रिवाज आहे. जिंकल्यावर! पण हंगामभराच्या उपाशांना धीर कुठला? दोन धिप्पाड पोरांनी मागून येऊन अख्खी बादली कोचच्या डोक्यावर रिकामी केली.

नोव्हेंबरचा वारा होता. कोचची दातखीळ बसली. तळवे खाली दाबायचे होते, पण हात खांद्यापासून लटालटा उडू लागले.

"कोच काय सांगतायत रे?" कोडी गोंधळला.

"हात फडफडतायत. म्हणजे लांब फेक!" त्याचे चेंडू झेलणारा वेस्टन म्हणाला.

"आत्ता? डोकं फिरलंय का त्यांचं?"

"जाऊन विचारतोस का? फेक मुकाट्यानं!"

"न... न... न..." कोचच्या तोंडून एवढंच निघालं. चेंडू आभाळात गेला आणि त्याच्यासोबत अकरा वर्षांची नोकरीही. समोरच्या संघातले दोघे त्यावर झेपावले, एकमेकांवर आपटले आणि चेंडू उसळून वेस्टनच्या पोटावर आदळला. वेस्टन क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिला. मग जो सुटला, तो शेवटची रेघ ओलांडूनच थांबला. आणखी सहा गुण, सामना जिंकला!

प्रुइटबाई धावत आल्या. "एवढं धाडस! आणि मी तुम्हाला भित्रा समजत होते. तीन वर्षं नोकरी पक्की!"

"बाई, मी कु... कुडकुडत होतो."

"वर विनय बघा!"

कोचची बायको मार्लिस त्यांना घोंगडी लपेटत कानाशी पुटपुटली, "गप बस आता. तीन वर्षं तोंड उघडू नकोस."

पुढच्या हंगामातला पहिलाच सामना अटीतटीचा झाला. कोडी धावत आला. "कोच, ती खूण करा ना!"

कोचनी हात फडफडवून दाखवले.

"छे! तो जोर नाही आला."

वर प्रेक्षकांत बसून प्रुइटबाई टक लावून बघत होत्या. कोचनी सुस्कारा सोडला, टोपी काढली आणि म्हणाले, "आणा ती बादली."