क्लॅरिनेटवर रुद्रप्पा

गाणं तयार झालं होतं, अडलं होतं ते नावांपाशी. कोंडीबा सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून होते. पडद्यावरची चौकट कलाकारांची नावं मागत होती आणि ती रिकामी ठेवली तर गाणं इंटरनेटवर चढत नव्हतं. पुण्याहून मुलीनं, पायलनं फोनवर सांगितलं, "अप्पा, काहीतरी लिहा आणि बटण दाबा."

काहीतरी म्हणजे काय लिहायचं? शब्द कोंडीबांचे, चाल कोंडीबांची, आणि ढोलही त्यांनीच वाजवलेला, म्हणजे कीबोर्डच्या एका पट्टीवर बोट आपटून. क्लॅरिनेट संगणकातली होती. गाणारी बाईसुद्धा संगणकातलीच. शब्द टाइप करायचे, सुरांच्या रेघा वरखाली ओढायच्या, की बाई गायला लागायची. तिचा घसा बसत नव्हता, तिला वरच्या पट्टीची भीती नव्हती. फक्त 'ळ' म्हणता येत नव्हता. 'मळवट' लिहिलं की ती 'मलवट' म्हणायची. कोंडीबांनी दोन दिवस तिच्याशी झुंज दिली आणि शेवटी देवीच्या गाण्यातले सगळे 'ळ' वेचून बाहेर काढले.

कोंडीबा सत्तावीस वर्षं बँडमध्ये ट्रंपेट वाजवत होते. अकरा माणसांचा तो बँड सोलापुरातल्या निम्म्या वराती घेऊन हिंडला होता. मग डीजे आला, बँड मोडला, ट्रंपेट मालकाचा होता तो मालकाला परत गेला. पुढे बरीच वर्षं कोंडीबांनी एका दुकानात टॉवेलच्या घड्या घातल्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा तेही सुटलं. गेल्या दिवाळीत पायलनं तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवला, त्यात सगळी वाद्यं भरून दिली आणि कुठलं बटण कशाला ते दोन वह्या भरून लिहून दिलं. पहिले आठ दिवस कोंडीबा जेवायला उठत नव्हते. नवव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की अकरा वाद्यं वाजतायत आणि खोलीत माणूस एकच आहे. सम चुकली म्हणून शिवी हासडायलासुद्धा शेजारी कुणी नाही. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तर नावं. सगळीकडे 'कोंडीबा, कोंडीबा' लिहायची त्यांना लाज वाटली. त्यांनी ढोलापुढे बिरप्पाचं नाव लिहिलं. बँडात ढोल त्याचाच होता. क्लॅरिनेटपुढे रुद्रप्पाचं लिहिलं. रुद्रप्पाला जाऊन सात वर्षं झाली होती, पण संगणक कुठे मृत्यूचा दाखला मागत होता? गायिकेपाशी पुन्हा हात थांबला. समोर भिंतीला एक लग्नपत्रिका अडकवलेली होती, तिच्यातल्या नवरीचं नाव त्यांनी उचललं: राजनंदिनी. आणि बटण दाबलं.

गल्लीच्या नवरात्र मंडळाचा अध्यक्ष युवराज हा कामाचा पोरगा. त्यानं घटस्थापनेला गाणं लावलं, दुसऱ्या माळेला बायकांनी ते तीनदा लावायला लावलं, आणि तिसऱ्या माळेला तो कोंडीबांच्या दारात हजर झाला. बाहेरचे पाहुणे बोलावून सत्कार करण्यापेक्षा आपल्याच मातीतल्या कलाकारांचा करायचा, सगळ्यांना घेऊन या, असा मंडळाचा ठराव त्यानं ऐकवला.

तिथंच खरं सांगितलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण युवराज वाकून पाया पडला. आशीर्वाद देता देता कोंडीबांच्या तोंडून निघून गेलं, की बाकीचे येतील, पण राजनंदिनीचा घसा बसलाय.

संध्याकाळी शेजारच्या धनलक्ष्मीबाईंनी अडुळशाचा काढा आणून दिला. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमध आला. राजनंदिनी राहते कुठे, असं चौथ्या बाईनं विचारलं तेव्हा कोंडीबांनी राजनंदिनीला घाईघाईनं केम गावी सासरी पाठवून दिलं. युवराज म्हणाला, मग काय अडचण, मंडळाची गाडी पाठवतो. त्यावर कोंडीबा म्हणाले, सासरचे पाठवणार नाहीत. हे वाक्य त्यांना फार महागात पडलं. राजनंदिनीला सासरी जाच आहे ही बातमी अंधार पडायच्या आत गल्लीभर झाली. तिच्या गाण्यात एकही 'ळ' नाही हे एका मास्तरीणबाईंच्या ध्यानात आलं होतं. 'ळ' येत नाही म्हणजे इंग्लिश मीडियमची असणार; इतकी शिकलेली पोरगी आणि कसलं नशीब, म्हणून बायका हळहळल्या.

"अवो, तुमी त्या लेकीला नांदवताय का मारताय?" कोंडीबांच्या बायकोनं, बजाबाईंनी विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

बिरप्पाला मात्र मंडळानं शोधून काढलं. तो मोहोळला मुलाकडे राहत होता आणि अलीकडे विसरायला लागला होता. जेवला की नाही हे त्याला आठवत नसे. युवराजनं फोनवर गाणं ऐकवून विचारलं, की हा ढोल तुमचाच ना? बिरप्पा जराही अडखळला नाही.

"व्हय की. लई घाम काढला हुता कोंड्यानं त्या दिवशी," तो म्हणाला.

आता साक्षीदारच मिळाला म्हटल्यावर मंडळानं चौकात फलक लावला. त्यावर सगळी नावं होती. 'सुप्रसिद्ध क्लॅरिनेटवादक श्री. रुद्रप्पा' ही अक्षरं हातभर उंच होती.

सातव्या माळेच्या सकाळी नागव्वा आली. ती रुद्रप्पाची बायको. विड्यांची पाटी कारखान्यात रिकामी करून ती चौकातून घरी निघाली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं नाव तेवढं ओळखू यायचं, इतक्या कागदांवर ते तिनं पाहिलं होतं. रिकामी पाटी दाराशी ठेवून ती आत येऊन बसली. बजाबाईंनी पाणी दिलं, ते तिनं घेतलं.

"अण्णा, फलकावर त्यांचं नाव हाय," ती म्हणाली. "त्यांचं वाजवलेलं कुटं ठेवलेलं हुतं काय तुमच्याकडं? आमच्याकडं कायच न्हाय. एक फोटू हाय, त्यो बी टोपी घातलेला."

आधी ऐकवा, मग बोलू, असं म्हणून ती भिंतीला टेकली. त्यांनी गाणं लावलं. क्लॅरिनेट सुरू झाली तशी नागव्वानं डोळे मिटले. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. तिनं डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते.

"हे न्हवं त्ये," ती म्हणाली.

"न्हवं," कोंडीबा म्हणाले. "मशीन हाय. मी नुसतं नाव लिवलं, नागव्वा. चुकलं माझं."

"मला पयल्याच ओळीत कळलं. दम कुटं घेतोय ह्यो? त्येंना येवढी लांब ओळ जमायची न्हाय."

कोंडीबा हे विसरलेच होते. रुद्रप्पा दिवसा यंत्रमागावर असायचा आणि रात्री वरातीत. सुताची धूळ त्याच्या छातीत बसलेली. ओळीच्या मध्येच त्याचा दम तुटायचा, आणि तेवढी जागा कोंडीबा ट्रंपेटनं भरून काढायचे. मालकाला ते कधी कळलं नाही, वऱ्हाडाला तर नाहीच. दोघांमध्ये त्याबद्दल एक शब्द कधी झाला नव्हता. ट्रंपेट ओठाला लावता लावता रुद्रप्पाच्या खांद्याकडे बघायचं, खांदा वर गेला की फुंकायचं, एवढंच.

नाव काढून टाकतो, आजच फलक उतरवायला सांगतो, असं ते म्हणाले. नागव्वानं मान हलवली.

"नाव ऱ्हाऊ द्या. दम घालता येतोय काय बघा."

कोंडीबांनी चष्मा पुसला आणि एकटीच वाजणारी क्लॅरिनेटची ओळ पडद्यावर मोठी केली. मधला एक सूर तोडला, थोडी जागा सोडली. वाजवून दाखवलं. अजून जरा, नागव्वा म्हणाली. त्यांनी अजून तोडलं. ती म्हणाली, अजून. कोंडीबा म्हणाले, इतकी जागा सोडली तर गाणं बंद पडल्यागत वाटंल, मी ट्रंपेट भरतो तिथं, यात ट्रंपेट पण हाय.

"नको. आता कुणापासनं लपवायचं?" नागव्वा म्हणाली. "शेवटच्या कडव्यात लांब ठेवा. शेवटी शेवटी लई वेळ लागायचा."

दुपारपर्यंत ते काम चाललं. बजाबाईंनी मध्ये कधीतरी पिठलं-भाकरी पुढे आणून ठेवली. निघताना नागव्वानं पाटी उचलली आणि उद्या कार्यक्रम किती वाजता, ते विचारलं.

आठव्या माळेला संध्याकाळी पाच वाजता मांडव भरला. पहिल्या रांगेत बिरप्पा फेटा बांधून बसला होता, आणि आपण कुणाच्या लग्नाला आलोय हे शेजाऱ्याला विचारत होता. कोंडीबांनी आणलेली नवी फाईल युवराजनं लावायला दिली. क्लॅरिनेट सुरू झाली आणि पहिल्याच ओळीत तुटली. आवाजवाल्यानं वायर हलवली. तेवढ्यात क्लॅरिनेट पुन्हा आली, म्हणून तो समाधानानं बसला, तर ती परत तुटली. त्यानं स्पीकर बदलला. तिसऱ्या वेळी त्यानं मशीनवर थाप मारली आणि गाणं बरोबर त्याच क्षणी सुरू झालं, तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटच्या कडव्यात तर शांतता इतकी लांबली, की युवराज दात-ओठ खात आवाजवाल्याच्या अंगावर धावला. बायकांच्या बाजूला कडेला बसलेली नागव्वा मात्र प्रत्येक वेळी मान किंचित खाली घालायची आणि सूर आला की वर करायची.

मग कोंडीबांनी माईक मागून घेतला. सत्काराचे शब्द त्यांनी पाठ केले नव्हते, आणि आता बोलायचे ते तर मुळीच नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं, की वायर चांगली आहे, स्पीकर चांगला आहे, तो रुद्रप्पाचा दम आहे. रुद्रप्पा सात वर्षांपूर्वी वारला. बिरप्पानं ढोल वाजवलेला नाही. राजनंदिनी नावाची कुणी बाई नाही, ती संगणकात आहे, आणि मी खोटं बोललो, माफ करा.

युवराज आधी लाल झाला, मग त्याला काय करावं ते सुचेना. धनलक्ष्मीबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, की त्या पोरीच्या सासरच्यांनीच ह्यांना असं बोलायला लावलं असणार. आसपासच्या बायकांना ते पटलं. राजनंदिनीच्या सत्काराची साडी कोंडीबांच्या हातात देऊन त्यांनी बजावलं, की कसंही करून केमला पोचवा, आणि म्हणावं, गाणं सोडू नको.

रुद्रप्पाच्या सत्काराची शाल युवराजनं नागव्वापुढे धरली. अंगावर घालावी की हातात द्यावी, हे त्याला कळलं नाही, तिनंच घडी काखेत धरली.

आरतीसाठी खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. बिरप्पा उठेना. मोहोळला न्यायला मुलगा गाडी घेऊन उभा होता, पण बिरप्पा मांडवभर नजर फिरवत राहिला. कोंडीबा आणि नागव्वा दोघं त्याच्याजवळ गेले.

"कोंड्या, आपला रुद्र्या कुटं गेला रं?" बिरप्पानं विचारलं. "आत्ता तर वाजवत हुता. मी ऐकला की."

आत्ताच सगळ्या गल्लीसमोर खरं बोलून आलेल्या कोंडीबांचं तोंड उघडेना. त्यांनी नागव्वाकडे बघितलं.

"हाय की," नागव्वा म्हणाली. "दम लागलाय त्येंना. मागं बसल्यात."

"मग थांबू या," बिरप्पा म्हणाला. "त्येला सोडून कसं जायाचं?"

तो पुन्हा खुर्चीत टेकला. नागव्वा शेजारच्या खुर्चीवर बसली. मंडळाची पोरं खुर्च्या उचलत उचलत त्यांच्यापर्यंत आली, थांबली, आणि त्या तीन खुर्च्या तेवढ्या सोडून पुढे गेली. तिसरीवर कोंडीबा बसले होते.