फाटक उघडे राखिल्याची हकीकत

श्रीगजानन आणि शिवेवरील म्हसोबा यांस वंदन करोन, ऐकिले ते पुसोन आणि पाहिले ते स्मरोन लिहिले ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी राज्याच्या महाद्वारास अरिष्ट आले. राज्य म्हणजे ओढ्याअलीकडील तीन एकर माळ, कौलारू घर, गोठा, आणि सडकेपासोन घरापर्यंत मुरमाची गाडीवाट. तिचे तोंडी लोखंडी फाटक, एका खांबास दोन बिजागऱ्यांवर टांगिलेले. राजे भालचंद्रराव, राणी इंदुमतीबाई. प्रजा म्हणावी तर एक म्हैस, ती हुकूम मानीत नसे.

पूर्वी दोन सालांमागे चिरंजीव शिरीषराव यांणी तीर्थरूपांस न पुसता बैलजोडी विकोन ट्रॅक्टर आणिला, आणि राजे तप्त जाहले, आणि शब्दास शब्द लागला, मग राजे गरजले, "चालता हो! आणि जाताना फाटक लावून जा!" चिरंजीव गेले, परंतु फाटक लाविले नाही. मग राणीसाहेबांनी डोळे पुसोन हुकूम फर्माविला, "उघडं ठेवून गेलाय, येऊन तोच लावील. कुणी हात लावायचा नाही." राजे कोणापुढे हटणारे नव्हेत, परंतु या हुकुमापुढे त्यांचे काही चालेना. गावची गुरे आत शिरोन मका खात, आणि राजे काठी घेऊन धावत, आणि फाटक तैसेच उघडे.

ऐसे होता होता फाटकाचे मोकळे टोक खाली झुकले आणि वरली बिजागरी खांबातून सुटू लागली, मग एके दिवशी वळू अंग घासोन गेला, त्या धक्क्याने फाटक निम्मे फिरले आणि टोक मुरमात रुतले. आता उघडेना, लागेना. माणूस अंग चोरोन जाई, गाडी जाणे नाही. राणीसाहेबांनी पहार घालोन पाहिली, मग दोरीने ओढिले, हातांस फोड आले, फाटक तसूभर हलले नाही. मग त्या तेथेच मुरमात बसल्या आणि बोलल्या, "गाडी घेऊन आला आणि वाट अडवलेली दिसली, तर खालीसुद्धा उतरायचा नाही. अजून राग गेला नाही असं समजून तसाच माघारी वळेल." राजांनी ते ऐकिले. आणि दुसरे दिवशीच राजांची खासा स्वारी बाजारास गेली आणि इस्माईल मिस्त्रीस वेल्डिंगच्या यंत्रासुद्धा घेऊन आली.

मिस्त्रीने पाहोन निवाडा केला, "दादा, उघडं लोंबतं ठेवलं की सगळा भार बिजागरीवर येतो. लावून कडी घातली की पलीकडचा खांब निम्मा भार घेतो. जोडून देतो, पण लावत जा. नाहीतर पुन्हा बसेल." हे राजांचे मनाजोगते बोलणे. दोन साले जे मागत होते ते आयते हाती आले. त्यांनी राणीसाहेबांकडे पाहिले. त्या पदराने फोडांवरची माती पुसत होत्या. राजांस फार वाईट वाटले. मग राजे वळले आणि गोठ्यात गेले. बैल गेल्यापासोन त्या बाजूस त्यांनी पाऊल टाकिले नव्हते. तेथे बैलांचे दावे बांधीत तो मोठा दगड होता, तो पहारीने उपटोन, लोटीत लोटीत गाडीवाटेवर आणिला. मिस्त्री म्हणाला, "दादा, हा कशाला?" राजे दम खाऊन बोलते जाहले, "फाटक सताड उघड आणि टोकाखाली हा बसव. भार याच्यावर राहू दे." "आणि लावायचं कधी?" "ते काम आमच्याकडे नाही," राजे म्हणाले, "ज्याचं आहे, तो येईल."

मग ठिणग्या उडाल्या, बिजागरी सांधिली, दगड बसला, आणि फाटक उघडेच सरळ उभे राहिले. राणीसाहेबांनी दगडास हळदकुंकू वाहिले, आणि राजे काठी उचलोन मक्याकडे गेले.

येणेप्रमाणे महाद्वाराची मोहीम फत्ते जाहली. गुरे अद्याप शिरतात, राजे अद्याप धावतात, चिरंजीव अद्याप आले नाहीत. वाचणाऱ्याचे त्या वाटेने जाणे जाहल्यास त्याने फाटकास हात लावू नये. ते लावणे एकाचेच राहिले आहे.