पाहुण्यांच्या बाजूचा माणूस

गेल्या जूनमधल्या एका सोमवारी सकाळी, ऑफिसला जाण्यापूर्वी, विश्वास खरात यांनी स्वतःच्या मुलीच्या संघाविरुद्ध लेखी हरकत नोंदवली. बुधवारी दुपारी उत्तर आलं. हरकत बरोबर होती.

खरात आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे नांदेडचे. जर्मनीत आधी दोन वर्षं नेकारसुल्मला होते, मग हॅनोव्हरला आले ते आलेच. मोजमापाची उपकरणं नीट मोजतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते काम करतात. वजनकाटा, दाबमापक, तापमापक, जे येईल ते तपासायचं आणि वर तारखेचा छोटा स्टिकर लावायचा. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावरही तसा स्टिकर आहे. त्यांच्या पत्नी वैशालीताई सांगतात की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर घड्याळ लावून मोजलं होतं. "माझ्यावर तेवढा स्टिकर लावायचा राहिला."

त्यांची दोन वाक्यं इमारतीत सगळ्यांना पाठ आहेत. एक, "आल्झो, मोजून बघू." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तर मग'. दुसरं, "पाहुण्यांचं काय?" इथे पाहुणे म्हणजे जेवायला आलेले नव्हेत. परक्या मैदानावर खेळायला आलेले.

घरच्या मैदानाचा फायदा ही गोष्ट खरातांना सगळीकडे दिसते. कोणाकडे कॅरम खेळायला गेले तर अर्ध्या डावात सगळ्यांना उठवून जागा बदलायला लावतात. "तुझ्या बोर्डाचा हा कोपरा उतरता आहे. तुला माहीत आहे, मला नाही." इमारतीतल्या घरमालकांची वार्षिक सभा पूर्वी हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब, यांच्या दिवाणखान्यात व्हायची. खरातांनी दोन वर्षं पत्रं लिहून ती तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीत नेली. जागा तटस्थ. सभा आता लवकर संपते, कारण बसायला काही नाही.

नवरा-बायकोचं भांडणही घरात करायचं नाही, असा त्यांनी एकदा प्रस्ताव मांडला होता. स्वयंपाकघर हे वैशालीताईंचं मैदान, बाहेरची खोली त्यांचं. म्हणून ट्रामच्या स्टॉपवर जाऊन बोलू.

"अहो, भांडायला मी जॅकेट चढवून स्टॉपवर उभी राहू?" वैशालीताई म्हणाल्या.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"माझा राग थंडीत टिकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हा पण तुमचा ॲडव्हान्टेजच."

खरातांनी थोडा विचार केला आणि प्रस्ताव मागे घेतला.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलशी त्यांचा तसा काही संबंध नाही. तिथे ते कधी गेलेले नाहीत. पण तिथल्या प्लेऑफच्या नियमांवर ते दिवाळीच्या फराळाला अर्धा तास बोलू शकतात. "बारा संघ. पहिल्या चौघांना पहिली फेरी माफ. पाचवा ते आठवा, यांना स्वतःच्या कॉलेजच्या मैदानावर सामना. पुढे सगळं तटस्थ मैदानावर. म्हणजे पहिला आलेला घरी खेळतच नाही, आणि पाचवा आलेला स्वतःच्या लोकांसमोर खेळतो. हा कुठला न्याय?" हातातली चकली तशीच राहते. कोणीतरी म्हणतं, मग पहिल्यालाही द्या की घरचं मैदान. खरात लगेच वळतात. "आणि पाहुण्यांचं काय?"

या विषयात ते शिरले सानिकामुळे. सानिका त्यांची एकुलती एक मुलगी, हॅनोव्हरलाच जन्मलेली. विद्यापीठात गेल्यावर ती फ्लॅग फुटबॉल खेळायला लागली. हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन शेवटच्या रेषेपार पळायचं. फक्त समोरच्याला आडवं पाडण्याऐवजी त्याच्या कमरेला लटकवलेली पट्टी ओढायची. पट्टी निघाली की खेळ तिथेच थांबतो. मुलगी खेळते म्हटल्यावर खरातांनी नियमावली मागवली आणि छापून, भोकं पाडून फाइलला लावली.

पहिल्या सामन्याला ते घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा घेऊन गेले. मैदानाच्या एका बाजूला यजमानांचे मित्र, आईवडील, ढोल वाजवणारा एक विद्यार्थी. समोरच्या बाजूला ब्रेमेनहून आलेला संघ आणि रिकामं गवत. खरातांनी दोन्ही बाजू पाहिल्या, मैदानाला वळसा घातला आणि ब्रेमेनच्या बाजूला खुर्ची उघडली.

तीन वर्षं ते तिथेच बसले. जो संघ येईल त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या. खेळाडूंची नावं यादीतून पाठ करायची. मध्यंतराला डबा फिरवायचा. काही संघांना ते लीगचे निरीक्षक वाटले. एका संघाने त्यांना कोणाचे तरी आजोबा समजून सामूहिक फोटोत घेतलं. तो फोटो खरातांच्या फ्रीजवर आहे.

"फायदा गवताचा नसतो," ते मला म्हणाले होते. "वाऱ्याचाही नसतो. पंच माणूस आहे. ज्या बाजूने आवाज येतो तिकडे त्याची मान वळते. दुसऱ्या बाजूलाही कोणीतरी नको का?"

सानिकाचं म्हणणं वेगळं होतं. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. जिन्यात भेटली तेव्हा ती मला जे म्हणाली त्याचा मराठी अर्थ असा: "तो सगळ्यांसाठी टाळ्या वाजवतो. गोटिंगेनसाठी वाजवतो. फक्त माझ्यासाठी नाही." तिने गुण मिळवला की खरात समोरच्या बाजूला हात मांडीवर ठेवून बसलेले असत. बाहेरगावच्या सामन्यांना मात्र तिने त्यांना येऊ दिलं नाही. तिथे मला कोणी ओळखत नाही, तसंच राहू दे, असं तिने सांगितलं होतं. खरात गेले नाहीत.

गेल्या वर्षीचा मोसम तिचा शेवटचा होता. पदवी पूर्ण होत होती आणि ऑक्टोबरपासून नेकारसुल्मला नोकरी ठरली होती. रविवारी संध्याकाळी लीगचा अंतिम तक्ता लागला. चार संघ प्लेऑफमध्ये. पहिल्याने चौथ्याला आपल्या मैदानावर खेळवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. हॅनोव्हर दुसरं. म्युनिक तिसरं. विजय सारखेच, गुणांच्या फरकात हॅनोव्हर किंचित पुढे. तिचा शेवटचा उपांत्य सामना घरच्या मैदानावर होणार होता. सानिकाने रात्रीच्या जेवणाआधीच निम्म्या हॅनोव्हरला मेसेज पाठवले होते.

खरातांनी तक्ता मोजून बघितला.

मोसमात एकदा समोरचा संघ आलाच नव्हता आणि सामना हॅनोव्हरला बहाल झाला होता. नियमावलीप्रमाणे असा विजय धरायचा, पण त्याचे गुण फरकात धरायचे नाहीत. तक्त्यात ते धरले होते. ते काढले की म्युनिक दुसरं येत होतं.

बुधवारी दुपारी समितीने तक्ता दुरुस्त केला. सामना त्याच शनिवारी, पण म्युनिकच्या संघाच्या मैदानावर, उंटरश्लाइसहाइमला. हरकत घेणाऱ्याचं नाव उत्तरात होतं आणि उत्तर दोन्ही संघांना गेलं होतं.

"श्पिन्स्ट डू?" सानिका म्हणाली. डोकं फिरलंय का तुझं. हे वरच्या मजल्यावर मला स्पष्ट ऐकू आलं. त्यानंतर दार आपटलं. ती बॅग घेऊन मैत्रिणीकडे राहायला गेली.

संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा वैशालीताई भाजी चिरत होत्या. "पोटच्या पोरीची तक्रार करणारा बाप बघायचा राहिला होता," त्या म्हणाल्या. "तोही बघितला."

"पोरीची नाही. तक्त्याची," खरात म्हणाले.

"तक्ता घर सोडून गेला का?"

मी खरातांना विचारलं, गप्प बसला असतात तर काय झालं असतं?

"मी तक्ता बघितला नसता तर प्रश्नच नव्हता. बघितला. आता काय करू? न बघितल्यासारखं करू?" मग म्हणाले, "म्युनिकच्या मुलींनाही कोणाला तरी बोलवायचं असेल."

गुरुवारी त्यांनी सानिकाला मेसेज पाठवला. मी येऊ का? मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. शुक्रवारी त्यांनी रेल्वेचं तिकीट काढलं. वैशालीताईंनी यायला नकार दिला. "मी घरच्या बाजूने घरीच बसते." म्हणून मी माझं तिकीट काढलं. जाताना आणि येताना आम्हाला शेजारच्या सीट मिळाल्या.

गाडी वेळेवर निघाली आणि वेळेवर पोहोचली. खरातांनी दोन्ही वेळा वहीत लिहिल्या. वाटेत ते फारसं बोलले नाहीत. वुर्झबुर्गच्या आसपास म्हणाले, "आज आपण बसायचं कुठे, हा प्रश्न नाही." मी म्हटलं, नाही. "सानिकाचा संघ पाहुणा आहे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

यजमानांच्या बाजूला तीन ढोल होते आणि बिअरच्या पेट्या. पाहुण्यांच्या बाजूला राखीव खेळाडू, येन्स नावाचा प्रशिक्षक, मी आणि खरात. येन्सने खरातांना पाहिलं आणि मान फिरवली. सानिकाने पाहिलं आणि बुटाची नाडी पुन्हा बांधली.

पहिला अर्धा डाव खरात हात मांडीवर ठेवून बसले. सवय असावी. मध्यंतरानंतर सानिकाने उजव्या कडेला चेंडू झेलला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि पळत सुटली. खुर्ची पडल्याचा आवाज आला. खरात उभे होते.

"पळ! पळ गं बाळा! पळ, पळ, पळ, सानू!"

हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. समोरचे ढोल एक क्षण थांबले. सानिका रेषा ओलांडून गेली, चेंडू खाली ठेवला, मैत्रिणींनी तिला घेरलं, आणि खरात अजून ओरडतच होते.

येन्स माझ्याकडे वळला. "काय म्हणताहेत ते?"

"पळ म्हणताहेत."

"पण ती तर पोहोचली."

मी खरातांना तसं सांगितलं. "हो, पोहोचली," ते म्हणाले आणि खाली बसले. खुर्ची आडवीच असल्याने ते गवतावर बसले. सामना संपेपर्यंत ते तिथेच होते आणि सामना संपेपर्यंत ओरडत होते. सानूवरून ते कधी सोन्यावर आले, कधी राणीवर. मैदानावर हे एकीलाच कळत होतं. तिने एकदाही मान वळवली नाही, पण कान लाल झाले होते.

शेवटच्या मिनिटाला हॅनोव्हर दोन गुणांनी मागे होतं. चेंडू सानिकाकडे आला. ती रेषेपार गेली. पंचाने शिट्टी वाजवून मागे बोट दाखवलं. रेषेच्या अलीकडेच पट्टी ओढली गेली, गुण नाही. पंच ढोलांच्या बाजूला उभा होता. येन्स मैदानात धावला. तो इतका संतापला होता की त्याचे शब्द एकमेकांवर चढत होते. मग तो खरातांकडे वळला. "हेर खरात! हरकत तुम्हीच घेता ना? घ्या आता! तुम्ही बघितलंत!"

खरात उठले. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज बसला होता. त्यांनी सानिकाकडे बघितलं.

सानिका गुडघ्यांवर हात टेकून दम घेत होती. "ओढली होती," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मला झटका कळला. रेषेच्या आधी."

"गेनाऊ," खरात घोगऱ्या आवाजात म्हणाले. अगदी बरोबर.

"नक्की?" येन्सने तिला विचारलं.

"नक्की."

येन्सने टोपी काढून गवतावर टाकली, मग उचलली. म्युनिक दोन गुणांनी जिंकलं.

संघ भाड्याच्या दोन गाड्यांनी आला होता. मुली सामान चढवत होत्या. आम्ही एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, स्टेशनकडे निघालो, तेव्हा सानिका मागून आली. तिने खरातांच्या हातातली खुर्ची घेतली आणि दुसऱ्या गाडीच्या मागच्या बाजूला, चेंडूंच्या पिशवीवर ठेवली.

"आइनश्टायगन," ती म्हणाली. गाडीत बस.

"माझं तिकीट आहे," खरात म्हणाले. "सीट रिझर्व्ह आहे. ती रिकामी जाईल."

"बाबा," सानिका म्हणाली. मराठीत तेवढंच.

खरातांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जा. ते मधल्या रांगेत खिडकीशी बसले. ती त्यांच्या शेजारी बसली. दार सरकलं. गाडी चार वाजून पन्नास मिनिटांनी निघाली.

मी ठरलेल्या रेल्वेने परतलो. शेजारच्या सीटवर हॅनोव्हरपर्यंतचं आरक्षण दिसत होतं. न्यूर्नबर्गला एक बाई चढल्या आणि त्यांनी विचारलं, इथे कोणी आहे का. मी नाही म्हटलं. त्या बसल्या.